वंशावळीतल्या तारखा कशा नोंदवाव्यात: सोलापूरकरांसाठी

वंशावळ करायला बसलं की नावं तुलनेनं लवकर मिळतात. दोन-तीन म्हाताऱ्या माणसांपाशी बसलात, एखादा फेरफार उतारा काढलात, तर पाच-सहा पिढ्या सहज लागतात. घोळ होतो तारखांचा, आणि सोलापुरात तो जरा जास्तच होतो. एकाच गल्लीत एका घरचे कागद शकात असतात, दुसऱ्याचं आजोळ तुळजापूर-नळदुर्गकडचं म्हणून फसलीत. पूर्व भागातल्या पद्मशाली घरातली आजी संवत्सराचं नाव सांगते, मोमीन घरातला निकाहनामा हिजरीत असतो आणि मारवाडी पेढीची वही विक्रम संवतात. त्यात सोयरिकी तिन्ही-चारी दिशांना. म्हणजे तुमच्या एकाच वंशावळीत यातल्या दोन-तीन पद्धती हमखास येणार.

मी हे काम आमच्या घरासाठी केलं, मग नातेवाइकांसाठी, आता ओळखीपाळखीचे कागद घेऊन येतात. त्यांना जे तोंडी सांगतो, तेच इथे लिहून ठेवतो.

१. हाताशी काय ठेवाल

एक जाड वही किंवा संगणकावरचा तक्ता. दोन्ही असेल तर उत्तम, पण सुरुवात वहीनं करा, कारण म्हातारी माणसं लॅपटॉप उघडला की बोलायची थांबतात.

कागद गोळा करताना ही यादी डोळ्यांसमोर असू द्या:

- शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा किंवा शाळा सोडल्याचा दाखला
- जन्म-मृत्यूची नोंद: शहरातली महापालिकेकडे, खेड्यातली ग्रामपंचायतीकडे, जुनी असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, ज्याला बरेच जण कोतवाल बुक म्हणतात
- सातबारा, फेरफार, वारस नोंद, खरेदीखत
- लग्नपत्रिका (यात तिथी, वार आणि तारीख तिन्ही एकत्र मिळतात, म्हणून हिची किंमत फार)
- जन्मपत्रिका, टिपण
- पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांच्या (तीर्थक्षेत्रातल्या पुरोहितांच्या) वह्यांतले उतारे
- जुनी पंचांगं

शेवटचं मुद्दाम सांगतो. दाते पंचांग आपल्या सोलापुरातूनच निघतं, त्यामुळे इथल्या घरांच्या माळ्यावर जुन्या प्रती सापडण्याची शक्यता चांगली असते. त्या दोन कारणांनी जपायच्या. एक, तिथीवरून तारीख काढायला. दुसरं, समासात पेन्सिलीनं ‘मुलगा झाला, सकाळी ७’ असं कुणीतरी लिहिलेलं असतं. रद्दीत घालण्याआधी पान न् पान चाळा.

पितळी भांड्यांवर कोरलेली नावं-तारखाही उतरवून घ्या. मात्र ती तारीख भांडं दिल्याची असते. ‘कै. अमुक यांचे स्मरणार्थ’ खाली जी तारीख आहे, ती मृत्यूची समजू नका. पहिल्या वर्षश्राद्धाला वाटलेली भांडी असतात बऱ्याचदा.

२. कागदावर आहे तसंच आधी उतरवा

यावर मी सगळ्यात जास्त अडून बसतो. प्रत्येक तारखेसाठी चार रकाने करा: मूळ मजकूर, इंग्रजी तारीख, कुठून मिळाली, खात्री किती.

पहिल्या रकान्यात कागदावर जे आहे ते अक्षरशः, काहीही न सुधारता. ‘मिती चैत्र वद्य १३ शके १८००’ असेल तर तेच. शुद्धलेखन चुकलं असेल तरी तेच. दुसऱ्या रकान्यात तुम्ही काढलेली इंग्रजी तारीख. हे दोन रकाने कधीही एक करू नका. रूपांतर करताना चूक झाली आणि मूळ मजकूर तुम्ही लिहिलाच नसेल, तर ती चूक पुढे कुणालाच पकडता येणार नाही. कागद परत मिळेलच असं नाही. चुलत्यांनी एकदा दाखवलेलं बाड दुसऱ्यांदा दाखवतीलच याचा भरवसा काय?

तिसऱ्या रकान्यात ‘घरच्यांनी सांगितलं’ एवढ्यानं भागत नाही. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, आणि ती व्यक्ती त्या प्रसंगाला स्वतः हजर होती की ऐकीव सांगत होती, हे लिहा. कागद असेल तर कार्यालय, नोंदवहीचं नाव, पान आणि अनुक्रमांक.

चौथ्या रकान्यात मी पाचच शब्द वापरतो: नक्की, सुमारे, पूर्वी, नंतर, दरम्यान. ‘१९१२ पूर्वी’ ही पूर्णपणे कामाची नोंद आहे. १९१२ च्या फेरफारात वारस नोंद झाली, म्हणजे माणूस तोवर गेलेला होता. एवढंच कळतंय तर एवढंच लिहा. ‘१९११’ असा नेमका आकडा ठोकून देऊ नका. वंशावळीची बहुतेक सॉफ्टवेअरंही ‘सुमारे’, ‘पूर्वी’ अशा खुणा स्वीकारतात.

३. इंग्रजी तारीख लिहायची रीत

३/४/२८ असं कधीही लिहू नका. आपल्याला ते ३ एप्रिल वाटतं, अमेरिकेतल्या भाच्याला ४ मार्च. आणि २८ म्हणजे १९२८ की १८२८? महिना अक्षरांत, वर्ष चार आकडी: ३ एप्रिल १९२८. फोटोंच्या फायलींना नाव देताना उलट क्रम घ्या, १९२८-०४-०३, म्हणजे त्या आपोआप ओळीनं लागतात.

तक्ता एक्सेलमध्ये करत असाल तर तारखांचा रकाना सुरुवातीलाच ‘टेक्स्ट’ करून टाका. एक्सेलची तारीख १ जानेवारी १९०० पासून सुरू होते; त्याआधीच्या तारखा त्याला तारखा वाटतच नाहीत. आणि वर्ष दोन आकडी टाकलं तर तुमच्या पणजोबांचा जन्म बिनदिक्कत २०२८ सालात होतो.

देवनागरी आकड्यांत १ आणि ९ यांची गल्लत सगळ्यात जास्त. घाईच्या हातानं लिहिलेला ९ उघडा राहिला की १ दिसतो. मोडी कागदात तर आणखी जपून. शंका असेल तिथे दोन्ही वाचनं लिहा, ‘१८१७ किंवा १८९७’, आणि त्याच हातानं लिहिलेले त्याच पानावरचे दुसरे आकडे ताडून पाहा. मोडी स्वतःला येत नसेल तर वाचणाऱ्याला सांगून ठेवा की आकडा जसा दिसतो तसा कागदावर काढून द्या, नुसता अर्थ नको.

४. शके, संवत, फसली, हिजरी

शके. गुढीपाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंतच्या तिथीला शकात ७८ मिळवा. १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंतच्या तिथीला ७९. शिवरायांची जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, साल १६३०, म्हणजे ७९ मिळवून. नवखे लोक सरसकट ७८ मिळवतात आणि माघ-फाल्गुनातला प्रत्येक जन्म एक वर्ष मागे जातो. मार्गशीर्षाचा शेवट आणि पौष हे तर डिसेंबर-जानेवारीच्या हद्दीवरच येतात. तिथे बेरजेवर न थांबता त्या वर्षीचं पंचांगच पाहावं लागतं.

संवत्सराचं नाव. तेलुगू आणि कन्नड घरांत वर्षाचा आकडा विसरला तरी नाव लक्षात असतं. हे साठ वर्षांचं चक्र आहे आणि आपलं, त्यांचं एकच. शकात १२ मिळवा, ६० नं भागा, बाकी उरेल तो अनुक्रमांक. बाकी शून्य आली तर साठावा. शके १७९८ घ्या: १८१० ला ६० नं भागून बाकी १०, दहावं संवत्सर धाता. १८७६ च्या मोठ्या दुष्काळाला तेलुगू माणसं ‘धाता करुवू’ म्हणतात ती याचमुळे. अडचण एवढीच की तेच नाव साठ वर्षांनी परत येतं, १९३६-३७ सालीही धाताच. पिढी कोणती हे आधी ठरवा, मग साल.

फसली. धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, गुलबर्गा, शिवाय पद्मशाली कुटुंबांची तेलंगणातली मूळ गावं, हे सगळं निजामाचं राज्य होतं. तिथल्या कागदांत फसली साल असतं आणि महिने आपल्याला अनोळखी: आजूर, दय, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, आर्दिबेहेश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवार, मेहेर, आबान. वर्ष आजूरला, साधारण ६ ऑक्टोबरला सुरू होतं. ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढे ५९१. तीर १३४६ फसली म्हणजे मे १९३७ च्या आसपास. पोलीस अ‍ॅक्शन (निजामाचं राज्य भारतात आणणारी लष्करी कारवाई) सप्टेंबर १९४८ ची, ती फसली १३५७ च्या शेवटच्या महिन्यात बसते. तुमची पद्धत बरोबर आहे का ते तपासायला हे उदाहरण चांगलं. मुंबई इलाख्यातल्या कागदांतही फसली दिसेल, मात्र तिथलं वर्ष जूनमध्ये मृगाला सुरू होतं. म्हणून फसलीचा कागद कुठल्या बाजूचा आहे ते तिसऱ्या रकान्यात नक्की लिहा.

विक्रम संवत. वर्ष सुरू झाल्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत ५७ वजा करा, १ जानेवारीपासून ते संवत संपेपर्यंत ५६. मात्र गुजराती वहीत वर्ष कार्तिकात बदलतं आणि उत्तरेच्या पद्धतीत चैत्रात, हे वहीच्या मालकांनाच विचारून घ्या.

हिजरी. चांद्र वर्ष ३५४-३५५ दिवसांचं, त्यामुळे ठरावीक आकडा मिळवून चालत नाही, रूपांतराचा तक्ता लागतो. चंद्रदर्शनामुळे तक्त्याचं उत्तर एखाद्या दिवसानं हलू शकतं. दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून ‘जुम्मे की रात’ म्हणजे आपली गुरुवारची रात्र.

पेशवाईतला कागद हाती लागलाच तर त्यात अरबी सन असेल, त्याला ५९९ किंवा ६०० मिळवायचे. तारखेआधी ‘छ’ दिसला तर तो चंद्राचा, म्हणजे मुसलमानी महिन्याचा दिवस. सुरुवातीलाच इतक्या मागे जाण्याची घाई करू नका.

५. तिथी वाचताना

बेरीज केली की फक्त साल मिळतं. दिवस काढायला पंचांग लागतं आणि ताळा करायला वार. अक्कलकोटच्या स्वामी समर्थांची पुण्यतिथी घ्या: चैत्र वद्य त्रयोदशी, शके १८००, मंगळवार. ७८ मिळवून १८७८, आणि तारीख येते ३० एप्रिल. त्या दिवशी वार मंगळवारच होता. वार जुळला की रूपांतरावर विश्वास ठेवायला हरकत नाही. एक दिवसानं हुकला तर तिथीची वृद्धी-क्षय (तिथी दोन दिवस राहणं किंवा गळणं) किंवा रात्रीचा जन्म. तारीखच एकदम पंधरा दिवसांनी किंवा महिन्यानं हुकली, तर पक्ष किंवा महिना चुकलाय.

महिना चुकायची दोन नेहमीची कारणं. पहिलं, आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. शुद्ध पक्ष दोघांचा सारखा, वद्य पक्षाच्या महिन्याचं नाव मात्र वेगळं. वरचीच तिथी उत्तरेत वैशाख वद्य त्रयोदशी म्हणतात. नेटवरची काही साधनं डोळे झाकून उत्तरेची पद्धत धरतात. त्यात ‘अमान्त’ आणि गाव सोलापूर निवडल्याशिवाय उत्तर उतरवू नका. तेलुगू-कन्नड घरांची मात्र पद्धत आपल्यासारखीच. त्यांचं ‘बहुळ’ म्हणजे आपलं वद्य.

दुसरं, अधिक महिना. १५ ऑगस्ट १९४७ ला अधिक श्रावण वद्य चतुर्दशी होती. घरात नुसतं ‘श्रावण वद्य चतुर्दशी, स्वातंत्र्याच्या साली’ सांगत असतील तर दोन तारखा संभवतात, ही आणि साधारण महिन्यानं येणारी निज, म्हणजे अधिकानंतरच्या नेहमीच्या श्रावणातली. दोन्ही लिहा आणि राखीपौर्णिमा आधी झाली होती का, असं विचारा. ती निज श्रावणात येते. टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत अधिक महिना कधी कधी वेगळाच येतो, तेही ध्यानात असू द्या.

रात्रीचा जन्म-मृत्यू हा स्वतंत्र घोळ. आपला वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री. किल्लारीचा भूकंप लोक अनंत चतुर्दशीच्या रात्रीचा म्हणून सांगतात, पण तो पहाटे चारच्या सुमारास झाला, म्हणून त्याची तारीख ३० सप्टेंबर १९९३. त्या रात्री जन्मलेल्या मुलाची आई २९ म्हणेल आणि दवाखान्याचा कागद ३०. दोघंही बरोबर. ‘मध्यरात्रीनंतर, सूर्योदयापूर्वी’ असं शेजारी लिहिलंत की वाद मिटतो.

आता श्राद्धाची तिथी. मृत्यूची तारीख कुठेच मिळाली नाही की सगळे तिच्याकडे वळतात, आणि इथेच भलभलते निष्कर्ष निघतात. वर्षश्राद्धाची तिथी असेल तर सोनं: महिना, पक्ष, तिथी तिन्ही मिळतात, फक्त साल शोधायचं. पण घरात आता फक्त पितृपक्षातलंच श्राद्ध होत असेल, तर ‘आजोबांची पंचमी’ यातून महिना कळत नाही आणि पक्षही कळत नाही. कुठल्याही महिन्याची, शुद्ध किंवा वद्य पंचमी असू शकते. ‘भाद्रपद वद्य पंचमीला वारले’ असं लिहिणं साफ चूक. सवाष्ण गेलेल्या बायकांचं तर अविधवा नवमीला करतात, मग तिथी कोणतीही असो. शस्त्रानं किंवा अपघातानं गेलेल्यांचं चतुर्दशीला. तिथी माहीत नसलेल्यांचं सर्वपित्रीला. पणजीची नवमी सांगितली तर तिथून एवढंच निघतं की पणजोबा मागे राहिले होते. बायकांच्या तारखा अशाच हरवतात, म्हणून त्यांच्या माहेरच्या कागदांत शोधा.

६. सरकारी कागद म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे

शाळेच्या दाखल्यावर १ जून दिसला की थांबा. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, मूल दाखल करायला नेलं की गुरुजी वय धरून १ जून टाकायचे. अख्खी पिढीच्या पिढी एकाच दिवशी जन्मलेली दिसते ती यामुळे. तो दाखला जन्मवर्षाचा अंदाज म्हणून धरा, ‘सुमारे’. कागदोपत्री वापरासाठी तीच तारीख राहणार, त्याला इलाज नाही. वंशावळीत मात्र ‘शाळेतील नोंद’ असं वेगळं लिहा.

जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत घटनेची तारीख वेगळी आणि नोंद केल्याची वेगळी असते. रकान्याचं शीर्षक पहिल्या पानावरच असतं, म्हणून त्या पानाचाही फोटो घ्या. बाळाचं नाव बहुधा नसतं, नुसतं बापाचं नाव आणि मुलगा-मुलगी. ते मूल तुमचे आजोबाच कशावरून? त्यांच्या आधीचं, लहानपणीच गेलेलं भावंडही असू शकतं. पुढच्या दोन-तीन वर्षांच्या मृत्यूनोंदी पाहिल्याशिवाय ती तारीख आजोबांच्या नावावर टाकू नका.

फेरफारावर ठळक दिसते ती नोंदीची तारीख. मयत कधी झाला ते आतल्या मजकुरात असतं, आणि दोन्हींत कित्येक वर्षांचं अंतर असू शकतं. महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै, म्हणून पीकपाण्याच्या ‘१९३६-३७’ चा अर्थ जानेवारी-डिसेंबर असा घेऊ नका. क्षेत्रोपाध्यांच्या वहीतली तारीख तुमचे पूर्वज तिथे गेल्याची; त्या दिवशी सही करणारा जिवंत होता, एवढं मात्र पक्कं.

२२ मार्च १९५७ पासून सरकारनं राष्ट्रीय सौर दिनदर्शिका घेतली. राजपत्रावर ‘श्रावण २४, शके १८७९’ दिसेल, ते १५ ऑगस्ट १९५७. तिथी नव्हे ती. शुद्ध-वद्य नाही आणि आकडा पंधराच्या पुढे, की सौर तारीख समजायची.

७. आठवणींना साल लावताना

‘कधी झालं?’ विचारलं तर उत्तर येतं ‘लई वर्षं झाली’. त्याऐवजी ‘गड्ड्याच्या आधी की नंतर?’ असं विचारा. गड्डा म्हणजे सिद्धेश्वर यात्रा, ती संक्रांतीला बांधलेली, आणि संक्रांत सूर्यावर चालते. त्यामुळे विसाव्या शतकातला कोणताही गड्डा जानेवारीच्या मध्यालाच येतो; ‘अक्षतेच्या (यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या) आदल्या दिवशी’ एवढं कळलं तरी तारीख दोन-तीन दिवसांच्या टप्प्यात आली. आषाढी वारीचं तसं नाही, ती जूनच्या अखेरीपासून जुलैच्या अखेरीपर्यंत कुठेही येते. साल कळल्याशिवाय उपयोग नाही.

सालासाठी सोलापूरकरांच्या खुणा ठरलेल्या आहेत: मानमोडीची (इन्फ्लुएन्झाची) साथ १९१८, मार्शल लॉ मे-जून १९३०, चार हुतात्म्यांची फाशी १२ जानेवारी १९३१, पोलीस अ‍ॅक्शन सप्टेंबर १९४८, बहात्तरचा दुष्काळ. ‘प्लेगात गेले’ ही मात्र फसवी खूण. प्लेग १८९६ ला मुंबईत आला आणि नंतर कितीतरी वर्षं गावोगाव फिरून फिरून येत राहिला. ‘१८९६ नंतर’ एवढंच लिहा. ‘मोठा दुष्काळ’ही तसाच, प्रत्येक पिढीचा मोठा दुष्काळ वेगळा.

वय ऐकताना ‘पाचवं लागलं होतं’ आणि ‘पाच पूर्ण’ यांतला एक वर्षाचा फरक सोडू नका. वाक्य जसंच्या तसं टिपा, वजाबाकी घरी करा.

८. दोन तारखा जुळल्या नाहीत तर

दोन्ही ठेवा. एक खोडून दुसरी ‘खरी’ ठरवायची घाई कशाला? मी वजन देतो ते असं: प्रसंगाच्या वेळीच लिहिलेला कागद सगळ्यात वर, त्यातही लिहिणाऱ्याला तारीख बदलण्यात काही फायदा नसेल तर आणखी वर. जन्मटिपण म्हणून शाळेच्या दाखल्याच्या वर बसतं. पण टिपण मूळचं आहे की लग्न जुळवताना नव्यानं करून घेतलेलं, ते कागद आणि शाई पाहून ठरवा. मुलीचं वय कमी दाखवायचा मोह त्याही काळी होता.

जी तारीख निवडाल तिच्याशेजारी कारण एका ओळीत लिहा. आणि वंशावळ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी हयात माणसांची पूर्ण जन्मतारीख काढून फक्त साल ठेवा. बँकेचे फोन करून फसवणाऱ्यांना तेवढीच तारीख हवी असते.